साडूभाऊंचा हलका सायलेन्सर

अख्ख्या जालना जिल्ह्यात वजनाचा एवढा धसका घेतलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. स्वतःच्या पोटाचं मात्र अंबडच्या आमच्या मोठ्या साडूंना कधी काही वाटलं नाही. धसका सगळा गाडीचा. दोनच सीटांची, जमिनीला चिकटून पळणारी जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी पुण्याहून आणली आणि आणल्या दिवसापासून सोलायला घेतली. रेडिओ काढला, मॅट काढल्या, स्टेपनी घरी ठेवली. एकदा टायर पंक्चर झालं तर टेम्पोच्या मागे गाडी बांधून आले, आणि वर म्हणतात, "पण साडूभाऊ, तोवर पळत कशी व्हती!" माझ्या बायकोने सोबत दशम्यांचा डबा दिला तर आमच्या दारातच उभ्या उभ्या फडशा पाडायचे. "गाडीत वजन नको," म्हणे. अहो, मग ते वजन काय अंबडपर्यंत पायी जाणार होतं?

पण खरा जीव अडकला होता सायलेन्सरमध्ये. मूळचा जड रांजण काढून हलका, मोकळ्या आवाजाचा बसवायचा, हा त्यांचा ध्यास. त्यावरून अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, वर्षानुवर्षं भांडली. "गाडीत मला तुमच्याशी बोलायचं असतं. ते भोंगं मी गेल्यावर बसवा!" अंबडहून निघालेलं भांडण आमच्याकडे चहापर्यंत चालायचं. मोठी मजा यायची.

गेल्या वर्षी अक्का गेली. दिवाळीनंतर साडूंनी सायलेन्सर बसवला. जुना-नवा दोन्ही भंगारवाल्याच्या काट्यावर घातले, निम्मं वजन घटल्याची खात्री केली आणि रविवारी तडक आमच्या दारात. काय तो आवाज! गल्लीतली कुत्री पळाली, समोरच्या आजोबांनी कानातलं मशीन काढून ठेवलं.

"वा! झालं एकदाचं मनासारखं," मी म्हणालो.

गाडी बंद करून ते तसेच स्टीअरिंग धरून बसले. "अंबडपासून वाट पाहून राह्यलो, साडूभाऊ. कोणी काही बोलंल म्हणून." मला फार वाईट वाटलं. मग ते माझ्या बायकोकडे वळले. "तू तरी रागव की गं. तुझा आवाज बिलकुल तिच्यावानी हाय."

माझी बायको उभ्या आयुष्यात दाजींपुढे मोठ्याने बोललेली नाही. तिने घसा खाकरला. "दाजी, काढून टाका ते भोंगं! लाज न्हाई वाटत ह्या वयात?" एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली.

साडूंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले.

"अजून थोडं बोल," म्हणाले.