प्रभूने त्याला बाजूला नेलं

यजमानांना पक्षाघात झाला त्यानंतरही मी पवित्र शास्त्र रोज वाचत होते, पण त्यातून मला एकच गोष्ट हवी होती: ते पुन्हा बोलू लागतील याची खात्री. भोकरला शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवली, चर्चच्या मंडळीत प्रार्थना चालवल्या. आता तोंडून नुसता घोगरा आवाज यायचा आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. मी वाचायची, पुस्तक मिटायची आणि मनात म्हणायची, देव यातून बोलतो म्हणतात, मग माझ्याशी का बोलत नाही?

अशातच रेणापूरचं एक विश्वासी, म्हणजे आमच्यासारखंच ख्रिस्ती, कुटुंब आमच्या लेकीला बघायला येणार असल्याचा निरोप आला. बापाची अवस्था पाहून सोयरीक मोडेल, ही धास्ती मला बसली. पाहुणे यायच्या आधी मी यजमानांना आतल्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेऊ लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजत होतं. मी नजर चुकवली.

"आई, पप्पांना असं नको करू," लेक म्हणाली.

"तुझ्यासाठीच करून राहिले ना," म्हणत मी दार लावलं.

मुलगा आणि त्याचे आईवडील आले. वडिलांनी विचारलं, "गुरुजी दिसंनात?"

"तपासणीला नांदेडला गेलेत," मी म्हणाले. लेकीनं मान खाली घातली.

"बरं. ताई, बोलणी करायच्या आधी वचन वाचू. घरी आम्ही शुभवर्तमान ओळीनं वाचून राहिलो, आजचा भाग इथंच वाचतो."

भाग होता बहिऱ्या, तोतऱ्या माणसाचा. लोकांनी त्याला प्रभूकडे आणलं. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेलं, कानांत बोटं घातली, थुंकून त्याच्या जिभेला हात लावला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण त्या दिवशी 'बाजूला नेलं' इथंच मी अडकले, पुढचं ऐकूच येईना. मीही एका माणसाला बाजूला नेलं होतं. प्रभूने नेलं ते जवळ घ्यायला, मी नेलं ते लपवायला. ज्याच्याकडे मी इतके दिवस वाचा मागत होते, त्याला त्या जिभेची किळस नव्हती. मला होती, सख्ख्या नवऱ्याची. मान वर होईना.

वाचन संपल्यावर मी कशीबशी म्हणाले, "दादा, मी खोटं बोलले. ते आत हायत."

मग मुलाची आई उठली. "चला, आणू त्यांना. बाप घरात असताना पोरीचं आपणच कसं ठरवायचं?"

आत यजमान दाराकडेच तोंड करून बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले. "अहो, माझं चुकलं." त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

बाहेर मुलाच्या वडिलांनी त्यांना शेजारी बसवून विचारलं, "गुरुजी, लेक देता का आमच्या घरी?" त्यांनी खूप प्रयत्न केला. शब्द आला नाही. कुणी घाई केली नाही. शेवटी त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती डोळे पुसत हसली, तेव्हा त्यांनी मान हलवली.

लग्न ठरलं. यजमान अजून बोलत नाहीत. ते मी आता प्रभूवर सोपवलंय. शास्त्र उघडते ते तो कसा आहे हे बघायला. तो दिसतो, तेव्हा मीही दिसते, आणि लाज वाटते. ती लाज त्यानंच दिली, माझ्यापासून तोंड न फिरवता. त्याचे आभार कसे मानू, कळत नाही.