दोन ठरावांचा एकच अनुमोदक

आमच्या पक्षात भांडण मिटवायचं असलं की मला बोलावतात. मी काही मोठा माणूस नाही. अंबरनाथला कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झालो, बदलापुरात बेलवलीला राहतो आणि पक्षाच्या बैठकांत ठरावाला अनुमोदन देतो. ठराव मांडतो तो सूचक. दुसरा कोणी उठून ‘माझं अनुमोदन आहे’ म्हणतो, तो अनुमोदक. सूचक मी जन्मात कधी झालो नाही. त्यासाठी आधी काही सुचावं लागतं.

ठरावही बहुधा एकच असायचा, एका ओळीचा: पदाधिकारी नेमण्याचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. हात वर, टाळ्या, मग चहा-वडापाव. नवी मंडळी म्हणायची, पक्षाची ही पद्धतच मुळापासून बदला. जुनी म्हणायची, कशालाच हात लावू नका. मी दोघांनाही ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणायचो आणि स्वतःला समतोल विचारांचा समजायचो. माझी धाकटी बहीण त्याला तळ्यात-मळ्यात म्हणायची.

तीही आमच्याच पक्षात, आमच्याच वॉर्डात. पाणी आलं नाही, मतदार यादीतून नाव गळलं, की लोक तिचं दार वाजवतात. पण वॉर्ड अध्यक्ष नेमायची वेळ आली की वरून भलतंच नाव यायचं. मागच्या खेपेला ज्याचं आलं, त्याला तर बेलवलीतला रस्ता विचारत यावं लागलं. तेव्हा तिनं ठरावच तयार केला: वॉर्ड अध्यक्ष यापुढे सभासदांच्या मतदानानं निवडावा. अनुमोदक मात्र मिळेना. सगळ्यांना श्रेष्ठींची भीती.

“दादा, अनुमोदन नसेल तर ठराव सभेपुढे येतच नाही,” ती म्हणाली. “तू देशील?”

“अगं, आहे ना मी!”

दुसऱ्या दिवशी जिल्हाध्यक्षांचा फोन आला. “काका, ठराव नेहमीचाच. अनुमोदन तुमचंच ना?” त्यांनाही म्हणालो, आहे ना मी. खरं सांगतो, यात काही घोळ आहे असं माझ्या मनातही आलं नाही. दोघंही आपलीच माणसं.

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तिन्ही शहरांची बैठक अंबरनाथच्या एका हॉलमध्ये झाली. उल्हासनगरकरांना बदलापूर लांब पडायचं, बदलापूरकरांना उल्हासनगर नको होतं, म्हणून मधलं गाव मीच सुचवलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. जिल्हाध्यक्षांचा ठराव आला, मी उठून अनुमोदन दिलं. मग बहिणीचा आला. मी पुन्हा उठलो. मागून कोणीतरी ओरडलं, “काका, डबल रोल काय? एक साइड बोला ना!” हॉल खदाखदा हसला. जिल्हाध्यक्ष म्हणाले, एकमेकांविरुद्धच्या दोन ठरावांना एकच माणूस कसा चालेल? कुठलं अनुमोदन मागे घेताय?

बहीण माझ्याकडे बघत होती. ‘पहिलं’, एवढाच शब्द बोलायचा होता. पण सापही मरावा आणि काठीही तुटू नये ही जन्माची खोड. मी म्हणालो, दोन्ही ठराव एकत्र करू. मतदान तर घ्यावंच, फक्त उमेदवाराचं नाव श्रेष्ठींनी कळवावं.

“एकच नाव?” तिनं विचारलं.

“एक असलं की भांडण होत नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या टाळ्या मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाल्या नव्हत्या. सगळे हात वर गेले. तिचा गेला नाही, तरी ठराव सर्वानुमते मंजूर अशीच नोंद झाली.

महिनाभरानं बेलवलीसाठी वरून नाव आलं. माझंच. माझ्याविषयी कोणाची तक्रार नव्हती, एवढीच माझी लायकी. नाव एकच असल्यानं मतदानाची गरजच उरली नाही. मला लाज वाटली. आनंदही झाला, उगाच खोटं कशाला बोलू. हार गळ्यात पडत असताना मी बहिणीला शोधत होतो. ती मुद्दामच आली नव्हती.

मग गेलो उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, फ्लेक्स करायला. आपल्या अभिनंदनाचा फ्लेक्स आपणच छापायचा आणि खाली शुभेच्छुक म्हणून दुसऱ्यांची नावं टाकायची, ही आमच्याकडची रीत. सिंधी दुकानदारानं माझा फोटो नेत्यांच्या रांगेखाली बसवला, गाल थोडे गोरे केले आणि विचारलं, “साईं, शुभेच्छुक में पहला नाम किसका?”

पहिलं नाव तिचंच असायला हवं होतं. दुकानातूनच फोन लावला.

“टाक की,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. “पण दादा, आधी विचार तरी, की अध्यक्ष म्हणून तू मला हवा आहेस का.”

पुढे ती थांबली. मी विचारेन म्हणून वाट बघत असावी. मी ‘हो हो, करतो नंतर फोन’ म्हणालो आणि ठेवला.

“नाम बोलो, साईं.”

“समस्त कार्यकर्ते, बेलवली,” मी म्हणालो. “वही डालो. सब आ गए उसमें.”