हात बाहेर, मग पाय

मामांनी मला पहिली चपराक मारली तेव्हा मशीन बंद होतं. विजेचा खटका खाली, चाक थंड. वरून येऊन कुणाला चिरडेल असं तिथे काहीच नव्हतं. मी बिजागरीचं पान साच्यात ठेवलं आणि हात बाहेर काढायच्या आधी माझी टाच पेडलवर जराशी हलली. एवढाच गुन्हा. मानेवर असा फटका बसला की कपाळ चौकटीवर आपटून भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. मागून मामांचा आवाज आला, "हात बाहेर, मग पाय. पुन्हा."

याच माणसाने आदल्या दिवशी स्वतःच्या ताटातला घास मला वाढला होता. वडील गेल्यावर आईने मला भावाकडे पाठवलं ते पत्र्याला साच्यात दाबून आकार देणाऱ्या प्रेसचं काम शिकायला. शाळेत माझं फारसं जमलं नव्हतं. निघताना आई मामांना म्हणाली, "दादा, मार हवं तर, पण पोरीचे हात धड ठेव." मामा हसले नाहीत की रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "ते माझ्यावर सोड."

घरी ते मामा. कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत, आणि तिथे मीही मास्तरच म्हणायचे. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण त्यांच्या बाजूने जे सांगण्यासारखं आहे ते आधी सांगून टाकते, कारण पुढे विरुद्ध बरंच सांगायचं आहे. सोळाव्या वर्षी ते पहिल्यांदा प्रेसवर बसले. तेव्हाच्या फोरमनची शिकवण तीन शब्दांची होती, बघ आणि शीक. मामांनी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांना बसवलं आणि चौथ्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं साच्यात राहिली. फोरमनने फडक्याने साचा पुसला, बोटं पत्र्याच्या भंगारात टाकली आणि मामा अजून जमिनीवर लोळत असताना त्याच स्टुलावर दुसऱ्याला बसवलं. हे मामा मला एकदाच बोलले. आवाज चढवून नाही, पण सांगताना त्यांचा जबडा असा आवळला होता की तो फोरमन केव्हाच मेला असूनही मला त्याची काळजी वाटली.

तेव्हापासून मामांच्या डोक्यात एकच होतं. न शिकलेला माणूस प्रेसवर बसता कामा नये. पुढे ते स्वतः फोरमन झाले तेव्हा मालकाच्या मागे लागून त्यांनी शेडचा एक कोपरा आणि सात जुनी मशीनं मिळवली. तीन आठवड्यांचं शिक्षण. पहिल्या दिवशी ते एक ओली काठी साच्यात धरत, चालू मशीनचं पेडल दाबत आणि काठीचा चोथा एकेकाच्या हातावर ठेवत. मग वीज बंद. पुढचे पंधरा दिवस बंद मशीनवर तेच ते, पान ठेव, हात बाहेर, मग पाय. रोज हजार वेळा. शेवटच्या आठवड्यात वीज चालू, तेव्हा मास्तर मारायचे नाहीत, लांब भिंतीशी उभे राहायचे. नजर साच्यावरून हलवायची नाही, म्हणून मास्तर कधी समोर उभे राहायचे नाहीत. बंद मशीनवर ते मागून फिरायचे. डाव्या पायाची चप्पल जराशी घासत. ज्याची टाच हात आत असताना हलली, त्याची मान गेलीच म्हणून समजा.

आणि ते खरोखर मारायचे, लटकं नाही. एका गड्याचा दात पडला. एकीच्या कानात आठवडाभर शिट्टी वाजत होती. एकदा एका तगड्या माणसाने उलटून मास्तरांच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला.  मास्तर रक्त थुंकले आणि म्हणाले, "झालं समाधान? आता पाचशे वेळा, हात बाहेर, मग पाय." त्या माणसाने निमूटपणे केलं.

एकदा मी घरी विचारलं, "मामा, तोंडाने सांगून नाही का चालत?"

"ऐकलेलं डोक्यात राहतं," ते म्हणाले, "आणि डोकं दमतं. पाळीच्या सहाव्या तासाला डोकं झोपलेलं असतं. मार मानेत राहतो. मान दमत नाही."

मला ते पटलं होतं. अकरा वर्षांत त्या कोपऱ्यात एकाचंही बोट गेलं नव्हतं, हे कोण नाकारणार? आजूबाजूचे कारखाने माणसं त्यांच्याकडे शिकायला पाठवत आणि तीन आठवड्यांनी परत नेत. मास्तरांचा माणूस म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. मलाही तो अभिमान होता. मानेवरचे वळ मी केस वर बांधून मिरवायचे, इतकी मी शहाणी.

शिक्षण संपलं आणि मला मोठ्या शेडमध्ये चालू मशीनवर बसवलं. चार महिने मी डोळ्यात तेल घालून काम केलं. त्या दुपारी एक पान वाकडं आलं होतं. ते साच्यात नीट बसेना म्हणून मी उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांनी दाबून बसवत होते. पाय पेडलपासून लांब होता, टाच जमिनीवर होती. मी चुकत नव्हते. हे मी तेव्हा जाणत होते आणि आजही शपथेवर सांगते.

मागून चप्पल घासल्याचा आवाज आला.

मला माहीत होतं मी चुकत नाहीये. माझ्या मानेला ते माहीत नव्हतं. मान खाली गेली, खांदे गेले, सगळं अंग पुढे दुमडलं, पाय सरकून पेडलवर गेला आणि सगळा भार त्याच पायावर आला. आधी दुखलं नाही. फक्त हात मागे येईना. मग साच्याचा वरचा भाग उचलला गेला, आणि मी माझा हात बघितला, आणि ओरडले. मामा म्हणत होते, "चहा झालाय, ये." ते चहाला बोलवायला आले होते.

त्यांनी अंगातला शर्ट फाडून माझं मनगट आवळलं, मला उचललं आणि धावत सुटले. गाडीवाला हळू चालवतो म्हणून त्याच्या पाठीत गुद्दे घातले. तो बिचारा रडकुंडीला आला. दवाखान्यात दारातल्या शिपायाने कागद मागितला तर त्याची गचांडी धरली. माझ्यासाठी त्या दिवशी त्यांनी किती जणांना मारलं देव जाणे. मी शुद्धीवर आले तेव्हा ते खाटेजवळ बसले होते, डोळे सुजलेले.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "भाची म्हणून हात राखला. तुला कमी मारलं."

मी भिंतीकडे तोंड केलं. 

रोज एक वयस्कर ड्रेसर पट्टी बदलायला यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काम कुणाकडे शिकलीस?" मी सांगितलं. ते पट्टी सोडवता सोडवता थांबले. म्हणाले, "मग तू आठवी. मास्तरांची सात जणं याच खाटांवर होती. सगळी दुसऱ्या कारखान्यांत गेल्यावरची." मी म्हटलं, असं कसं होईल, त्यांच्याकडे एकाचंही बोट गेलं नाही. "त्यांच्याकडे नाहीच गेलं. एक जण सांगत होता, मागे कुणीतरी खोकं आपटलं. एकाला मागून हाक मारली म्हणे." ते पुन्हा पट्टी सोडवू लागले. 

म्हणजे मामांनी आम्हाला प्रेसला भ्यायला शिकवलंच नव्हतं. आम्ही मामांना भ्यायला शिकलो होतो.

पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. दीड महिन्यांनी सरकारी इन्स्पेक्टर बाई चौकशीला आल्या. त्यांच्या कागदावर दोनच रकाने होते, कामगाराची चूक की कारखान्याची. मी माझी चूक लिहून दिली, तर मामा होते तिथेच राहणार होते, पुढच्या सात जणांच्या मागे चप्पल घासत. ती तुकडी कोपऱ्यात बसलीही होती, सहा जण दोन आठवड्यांचे, आणि एका पळालेल्या माणसाच्या जागी त्याच सकाळी आलेली एक मुलगी. मी हे सगळं जाणत होते. तरी मी बाईंना म्हणाले, "पाय घसरला. चूक माझी." ज्या घरात जेवतो तिथे तोंड उघडणं सोपं नसतं.

बाईंनी लिहिलं नाही. म्हणाल्या, "दाखवा कसा घसरला. मशीन बंद करा. रोज जसं असतं तसंच सगळं होऊ दे." कोपऱ्यातल्याच एकाला उठवून मी त्याच्या मशीनवर बसले. डाव्या हाताने पान ठेवलं. बाईंनी मामांना विचारलं, "तुम्ही कुठे होता?" मामा म्हणाले, "मागून येत होतो," आणि जसे आले होते तसे आले.

खट्.

पेडल पार खाली गेलं होतं. माझा उरलेला धड हात साच्यात होता आणि मान गुडघ्यापर्यंत. वीज असती तर तोही गेला असता. खरं सांगते, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाई माझ्याकडे नाही, मामांकडे बघत होत्या. मामा चिडले. "ही भेदरलेली आहे. नुकती बोटं गेलीत हिची. हिच्यावरून काय ठरवता? माझी तुकडी बघा." वीज बंदच ठेवून त्यांनी सगळ्यांना आपापल्या मशीनवर काम सुरू करायला लावलं आणि रांगेच्या मागून चालू लागले. छाती काढून, नेहमीसारखे.

पहिल्याच्या मागे आले. मान खाली, खट्. दुसरा, खट्. मामांची पावलं मंदावली नाहीत, उलट जोरात पडू लागली, चिडल्यासारखी. तिसरा. चौथी. एकेक डोकं बुडत गेलं, एकेक पाय दाबला गेला आणि प्रत्येकाचा हात आत. पाचव्याने तर एक हात डोक्यावर घेतला, दुसरा साच्यातच, आणि पाय तसाच पेडलवर रोवला. सहाव्याच्या मागे जाईतो मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. खट्.

सातव्या मशीनवर सकाळी आलेली मुलगी होती. तिला अजून एकही फटका बसला नव्हता. मामा तिच्या मागे येऊन उभे राहिले. तिने पान ठेवलं, हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि मग वळून बघितलं. "काय मास्तर, चुकलं का माझं काही?"

 मामा म्हणाले, "नाही. तुझं काही चुकलं नाही." मग ते पत्र्याच्या खोक्यावर बसले आणि बाईंना म्हणाले, "लिहा. माझं नाव लिहा."

त्यांचा कोपरा गेला. दुसऱ्या कुणी काढून घ्यायच्या आधी त्यांनीच सोडला. घरी आठ दिवस ताटावर बसून नुसते भाताकडे बघत. नवव्या दिवशी मला म्हणाले, "मागून आवाज आल्यावर असं बाहेरच्या कारखान्यांत गेलेल्यांनाही झालं असेल." मग मी सांगितलं. सात. ड्रेसरकडून पत्तेही आणले होते.

ते एकेका घरी जाऊ लागले. सांगायचं एवढंच होतं, तुझं चुकलं नव्हतं, मी वाईट शिकवलं. पहिल्या घरात दार तोंडावर बंद झालं. दुसऱ्या घरात बाई शिव्या घालत अंगणापर्यंत आली. तिसऱ्या घरच्या माणसाने ऐकून घेतलं, उठला आणि थोटक्या हाताने मामांना बडवलं. मामा हात वर न करता उभे राहिले. दोन मोडक्या बरगड्या घेऊन परतले. मी शेक देत होते तर म्हणाले, "बरं वाटलं." कण्हत म्हणाले, पण खोटं नव्हतं. चौथा गाव सोडून गेला होता.

पाचव्या घरून ते आले तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता, आणि ते उंबऱ्यातच बसले. पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"त्याने खुर्ची दिली मला," मामा म्हणाले. "चार बोटं नाहीत त्याला. मी म्हटलं, माझं चुकलं, तर ऐकूनच घेईना. म्हणाला, मास्तर, तुम्ही एवढं मारून शिकवलंत आणि मीच गाढव विसरलो. पाया पडला माझ्या. मग पोरीला हाक मारली, सात-आठ वर्षांची असेल. तिला म्हणाला, हे माझे मास्तर, यांच्या मारामुळे मी माणूस झालो. आता मीही हिला तसाच अभ्यास शिकवतो म्हणाला. आणि तिने कौतुकाने बघावं म्हणून मागून तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला."

  मला पुढचं कळलं होतं.

"तिची मान," मामा म्हणाले, आणि पुढे त्यांना रडू फुटलं. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मार खाताना नाही, दवाखान्यात नाही. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, आणि मी ठेवला, समोर जाऊन, त्यांना दिसेल असा.

मग त्यांनी तोंड पुसलं. "दोन घरं राहिलीत," ते म्हणाले. "उद्या तू येशील का बरोबर? आणि येताना परत त्याच्याकडे जाऊ. मी नीट सांगितलं नाही त्याला."