यानावरच्या द्वारकाबाई

श्यामसुंदर गद्रे म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. सोसायटीच्या सभेला ते कधीही फिरकले नाहीत, आणि दर दिवाळी अंकात त्यांची अवकाशकथा न चुकता येई. कथेतल्या यानाचं नाव 'निर्वैर'. त्यावर कप्तान नव्हता, पैसा नव्हता, एकाही दाराला कुलूप नव्हतं. ज्याला जे काम आवडेल ते त्यानं करावं, एवढाच तिथला नियम. माणूस असा जगू शकतो यावर सरांची इतकी श्रद्धा होती की घरात स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवायचंही त्यांच्या ध्यानात राहत नसे.

सरांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागायचं नाही. त्यामुळे कथेची स्वच्छ नक्कल त्यांच्या पत्नी, वासंतीबाई, करून देत. वाचकांच्या पत्रांना उत्तरंही त्याच देत. सर छापून आलेली कथा कधी उघडत नसत. आपलंच लिखाण पुन्हा वाचणं म्हणजे उष्टं खाणं, असं त्यांचं ठाम मत. आणि पुण्यात तोंडावर कौतुक करायची पद्धत नसल्यामुळे वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

नव्या शतकाची पहिलीच दिवाळी जवळ आली होती. मुलगी कादंबरी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती आणि तिनं घरी कॉम्प्युटर आणला होता.

"बाबा, आईला कशाला त्रास? तुम्ही बोला, मी डायरेक्ट टाइप करते," ती म्हणाली.

"मग मी नको ना?" वासंतीबाईंनी विचारलं आणि त्या मेथी निवडायला बसल्या.

कथा गेली. आठवडाभरात संपादक आप्पासाहेब स्वतः कागद घेऊन दारात उभे. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "सर, ही कथा मला छापता येणार नाही. यात द्वारकाबाई कुठंयत?"

"कोण द्वारकाबाई?"

आप्पासाहेब आधी हसले. सर थट्टा करताहेत असं त्यांना वाटलं. मग सरांचा चेहरा पाहून त्यांनी पिशवीतून जुने अंक काढून टेबलावर ठेवले. "वाचक अंक घेतात ते त्यांच्यासाठी. त्या आहेत म्हणून तुमचं यान कुठंतरी पोहोचेल असं वाटतं. नाहीतर ही नुसती सत्पुरुषांची सहल आहे," ते म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची छापून आलेली कथा वाचली. यानाच्या कोठीला कुलूप होतं. किल्ली द्वारकाबाईंच्या कमरेला. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, आणि विश्वबंधुत्वावर भाषण देणाऱ्या तत्त्वज्ञाला भाषण संपल्यावर भांडी घासायला बसवलं होतं. पुढचा अंक, त्याच्या पुढचा, सगळीकडे त्या होत्याच. ज्या यानाच्या भरवशावर ते इतकी वर्षं ताठ मानेनं वावरले, ते त्यांचं नव्हतंच.

वासंतीबाई भाजी चिरत होत्या. सर अंक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"माझ्या यानाला तू कुलूप लावलंस?" त्यांनी विचारलं. "सगळ्याचा पायाच तो होता. कुलपाशिवाय माणसं राहू शकतात, एवढंच मला सांगायचं होतं."

वासंतीबाईंनी विळी आडवी केली. "अहो, पहिल्या कथेत तुम्ही दोनशे माणसं पंगतीला बसवली होती. रांधलं कोणी, ते कुठंच नव्हतं. मला वाटलं, विसरलात. म्हणून एक बाई घातली."

"मग मला सांगायचंस."

"पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा विसरलात," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या वर्षीही. मग कळलं की हे विसरणं नाही. तुमच्या यानावर जेवण आपोआप होतं, कारण तुमच्या घरात ते आपोआप होतं."

सरांना फार वाईट वाटलं, रागही आला. अंक मिटून ते म्हणाले, "आप्पासाहेबांना कथा द्यायची आहे. घाल तिला यात."

"आता मी नाही. तुम्हीच घाला."

सर कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. कादंबरीनं बोटं कळफलकावर ठेवली. "सांगा, बाबा."

"लिही. द्वारकाबाई पहाटे उठल्या," सर म्हणाले.

"पुढे?"

पहाटे उठल्यावर बाई सगळ्यात आधी काय करते, ते सरांना आठवेना. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पहाटे ते कधी जागेच नव्हते.