रितिकाला बसवत नव्हतं

मस्तगडच्या संतोषबाईंचे मुगाचे पापड नावाजलेले. उन्हाळ्यात शेजारच्या बायका त्यांच्याकडे लाटायला जमत. मागच्या चैत्रात सून रितिका लाटता लाटता मधेच उठली.

"मम्मीजी, खाली फार दुखून राह्यलंय. मी उभ्यानं काहीतरी करते."

"कामाच्या टायमालाच कसं दुखतं गं तुला?" संतोषबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि खांदा दाबून त्यांनी तिला पुन्हा खाली बसवलं. बायका हसल्या.

रितिका तेव्हा वर्षभरापासून उभ्यानंच जेवत होती. एक्स-रेत काही निघालं नव्हतं, आणि संतोषबाईंना तेवढा पुरावा पुरेसा होता.

शेवटी रितिकाचा नवरा श्रेणिक तिला संभाजीनगरला मणक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाला. संतोषबाईही गेल्या. खोटं उघडं पडेल, असंच त्यांच्या मनात होतं. डॉक्टरांनी एमआरआय दाखवला. कमरेच्या खाली, नसांच्या मुळाशी, पाण्यानं भरलेल्या बारीक पिशव्या होत्या.

"बऱ्याच जणांना अशा पिशव्या असतात, त्रास होत नाही. यांच्या मात्र नसा दाबल्या जातात. बसलं की जास्तच."

"मंग बसल्यावर लय दुखत असंल?" संतोषबाईंनी विचारलं.

"आतून मिरची लावल्यासारखं," रितिकाच म्हणाली.

ऑपरेशनची गरज सध्या नव्हती. नसांच्या गोळ्या, फिजिओथेरपी, बसायला मागून खाच कापलेली उशी, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर स्कॅनवर बघत द्यायचं इंजेक्शन. परतताना रितिका मागच्या सीटवर कुशीवर पडून होती. बदनापूर मागे पडलं तरी पुढे बसलेल्या संतोषबाईंना वळून बघायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारणींच्या घरोघरी गेल्या. "रितिकाचं दुखणं खरं हाय. मीच वाईट बोलले," एवढंच सांगितलं. बायका म्हणाल्या, "जाऊ द्या, आम्ही कधीच विसरलो." त्यानं संतोषबाईंना जास्तच लागलं.

गोळ्यांनी थोडाच फरक पडला. इंजेक्शननंतर मात्र रितिका उशी घेऊन अर्धा तास बसू लागली. दुखणं पुरतं गेलं नव्हतं, पण झोप लागत होती. संतोषबाई रोज विचारत, "माफ केलं ना बेटा?"

एकदा कणीक मळता मळता रितिका थांबली. "केलं, मम्मीजी. पण रोज विचारू नका. तुम्ही विचारलं की तो दिवस मला पुन्हा आठवतो."

संतोषबाईंनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, आणि मनातली टोचणी कमीही झाली नाही.