आंबापोळी आणि हॉलंडचा पाऊस

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागाहून सदरा धुवायला मी येणार नाही!

आमची मुक्ता हॉलंडला शिकते. तिचा नाच तिथल्या वाहिनीवर दाखवणार होते, पण तो त्याच देशात दिसायचा. म्हणून तिनं माझ्या मोबाइलवर व्हीपीएनचं ॲप घालायला लावलं. "बाबा, देश निवडा. इंटरनेटला वाटेल, तुम्ही हॉलंडातच बसलाय."

नाच बघितला, डोळे पुसले, फोन खिशात टाकला. ते ॲप बंद करायचं असतं, हे कुणाच्या लक्षात? फोनवर त्या ॲपचं चावीचं चित्र तेवढं दिसत राहिलं. म्हटलं, बरं झालं, कुलूप लागलं!

दुसऱ्या दिवशी अंगणात आंबापोळीची ताटं. आई गेल्यानंतर घरात पहिल्यांदाच घातलेली. लहानपणी ती रस पसरायची आणि मी काठी घेऊन कावळे हाकायचो. ताटाच्या कडेचा चिकट रस ही माझी मजुरी. मुक्ताही आजीच्याच पोळीवर वाढलेली. तिची मैत्रीण आठवड्यात हॉलंडला निघणार होती, तिच्याबरोबर पोळ्या धाडायच्या होत्या, आणि आंबे तर संपलेले. हा रस बिघडला की वर्ष गेलं!

म्हणून मी सारखा मोबाइलवर हवामान बघत होतो. आणि काय सांगू! ढग, थेंब, तापमान तेरा! एवढं थंड करणारा पाऊस म्हणजे केवढा असेल?

"शैला, ताटं आत घे!"

"अहो, डोकं तापलंय उन्हानं."

"मोबाइलपेक्षा तुला जास्त कळतं?"

वाडीत मी पावसाची रोज नोंद ठेवणारा माणूस. माझी हाक ऐकून शेजारच्या नलूकाकींनी कोकमाची सोलं उचलली. त्यांचं बघून पुढच्या घरानं मिरच्या, त्यापुढच्यानं सुकट. मी तर अर्धओल्या पोळ्या सोडवून डब्यात एकावर एक रचल्या.

मग सगळी वाडी पडवीत बसून पावसाची वाट बघू लागली. आई समुद्राची गाज कुठून येते ते ऐकून पाऊस सांगायची. मी कान दिला. गाज नाही, वारा नाही. नुसतं ऊन!

नलूकाकी पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "काय वो अण्णा, तुमचा पाऊस हातखंब्याच्या नाक्यावर चहाला थांबला काय?"

तेवढ्यात मुक्ताचा फोन. "बाबा, इकडे सकाळपासून धो धो! तेरा अंश. गारठलेय नुसती."

तेरा! मी हवामान पुन्हा उघडलं. वर तिच्या गावाचं नाव ठळक लिहिलेलं. माझा फोन अजून हॉलंडातच बसलेला! पण ते वाचायचं मला काय कारण? मी कुठं राहतो ते मला माहीत होतं ना!

डबा उघडला. सगळ्या पोळ्यांचा एक गोळा. शैला सुरी घेऊन आली. त्या गोळ्याचे तुकडे पाडले, पुन्हा उन्हात घातले आणि तेच पाठवले.

"बाबा, चव अगदी आजीची!" मुक्ता म्हणाली. "पण आजी वड्या कधी करायची?"

"ही हॉलंडची पद्धत," मी म्हटलं.

हल्ली वाळवण घालायच्या आधी नलूकाकी कुंपणावरून विचारतात, "अण्णा, आज घरी हाव की हॉलंडात?"

मी आधी फोनवरची चावी बघतो, मगच सांगतो.