राणीची घाटी

सौंदडजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची आणि भरदुपारी दंडार व्हायची, म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक. बायांची कामं बाप्येच करत आणि दोन वर्षं राणी मीच होतो. राजाला नुसती तलवार, गाणी सगळी राणीला. या गाण्यांपायी मला राणी सोडायची नव्हती.

त्या वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास माझ्या गळ्यात घाटी, म्हणजे कंठमणी, वर आली. लुगडं नेसून उभा राहिलो की आधी तीच दिसे. दंडार बसवणारे मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले काका, माझ्या गळ्याकडे बघून म्हणाले, "हे काय काहाडलं बे तू?"

माझा मामा नागपुरात डॉक्टरकी शिकत होता. तो सुटीत आला होता आणि शिकलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. त्याने माझी मान वर करून बोटाने दाखवायला सुरुवात केली. "ही पुढची ढालीसारखी कूर्चा, म्हणजे कानात असतं तसं लवचीक हाड. खाली ही अंगठीसारखी. तिच्यावर मागून दोन बारके सुळके, त्यांनाच आवाजाचे पडदे बांधले आहेत. वर पानासारखं झाकण, घास श्वासात जाऊ नये म्हणून. पोरगा वयात आला की ढाल वाढून पुढं येते."

मोठेबाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मंग दाबून बसव ना."

"भाऊजी, ते दाबून बसत नाही."

"कायले नाही बसत? डाक्टर होऊन राहिला ना तू?"

शेवटी त्यांनीच आईची गळ्यातली चांदीची सरी बरोबर माझ्या घाटीवर आणून चिंधीने आवळली.

मंडईच्या दिवशी राजा मेला आणि मी विलाप सुरू केला. गाताना घाटी वरखाली होते, हे सांगायला मामा नेमका विसरला होता. सूर चढला तशी सरी हनुवटीला भिडली, उतरला तशी खाली आली. लोक राजाला सोडून सरीच पाहू लागले. मी हट्टाने आणखी वरचा सूर धरला. तो मध्येच फाटला आणि तोंडातून रेड्याचा आवाज निघाला. मेलेला राजा पोट धरून हसला. मामा तेवढा गर्दीत उभा राहून, "बघा, पडदे जाड झाले!" असं आनंदाने ओरडत होता.

मोठेबाबांनी तिथल्या तिथे सरी सोडली. "पुढच्या साली राक्षस हो. त्याले गानं नाही राहत."

मी धानाच्या तणसाच्या ढिगामागे जाऊन रडलो. ते रडणंही जाड्याभरड्या आवाजात निघालं, म्हणून तोंडात पदर कोंबला.